टाके निघेपर्यंत

पूर्वा, अर्हम,

हे लिखाण तुम्हा दोघांसाठी आहे, पण खरं सांगायचं तर पूर्वासाठी जास्त. अर्हम, तू राग मानू नकोस. तू अजून दर शनिवारी फोनच्या पडद्यावर येतोस आणि मला तुझी नवी बॅट दाखवतोस. पूर्वा गेले पाच महिने येत नाही. तुमची आई सांगायची, अभ्यास आहे. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आहे. पाच महिने सलग, दर शनिवारी सकाळीच, असा अभ्यास कुठल्याच मुलाला नसतो. शेवटी मागच्या आठवड्यात तुमच्या बाबाने कबूल केलं. पूर्वाला वाटतं की तिने आज्जीला फसवलं, आणि आता तिला आज्जीच्या तोंडाकडे बघवत नाही.

म्हणून हे आता लिहिते आहे. दुसरं कारण असं की पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्या आत हे लिहून व्हायला हवं.

इंग्रजीत का नाही लिहिलं, असं तुम्ही विचाराल. छत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, तुम्हालाही ते वाचायला सोपं गेलं असतं. पण यात माझी आक्का आहे आणि आक्काला इंग्रजी येत नव्हतं. तिच्याबद्दल तिला न कळणाऱ्या भाषेत लिहावं असं मला वाटत नाही. बाबाला वाचून दाखवायला सांगा. अडेल तिथे त्याला थांबू द्या.

दोन खुर्च्या

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तुमची बोरगावची आज्जी. माझे गुडघे फळ्यासमोर उभं राहून गेले, तिचे तंबाखूच्या शेतात वाकून. आम्ही पाच भावंडं. शेवटी आम्ही दोघीच राहिलो होतो. मी बेळगावात, ती निपाणीपलीकडे बोरगावात, मध्ये दोन तासांचा रस्ता. लग्नकार्यात, मंदिरात, बायका खाली सतरंजीवर बसायच्या आणि आम्हा दोघींसाठी मागे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जायच्या. आक्का म्हणायची, "बघ गं, आपल्याला कशी पहिल्या वर्गाची तिकिटं."

बेळगावच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे दिव्यावर लावला त्या दिवशी ती माझ्याबरोबर होती. दोन हाडांच्या मध्ये जी जागा दिसायला हवी ती कुठे दिसतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी जे व्हायचं ते होऊन गेलं, आता सांधाच बदलायला हवा. उजवा आधी, डावा नंतर. मी वही काढून प्रश्न विचारत होते. किती दिवस, कोणती भूल, परत जिना चढता येईल का. प्रश्न विचारताना माझा आवाज ठीक होता. लिहून घेतलेलं मात्र माझं मलाच लागत नव्हतं. आक्काने नुसता आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि उचलला नाही.

उठून निघालो तेव्हा डॉक्टरांनी आक्काला चालताना पाहिलं. म्हणाले, "तुमचेही करायला हवेत, आज्जी."

"माझं ऱ्हाऊ दे, सायेब," आक्का म्हणाली. "आधी हिचं करा. ही चालली नीट, तर मग माझं बघू. दोघी एकदम पडून ऱ्हायलो तर च्या कोण करणार?"

जिन्यात तिने मला थांबवलं. "भ्यालीस व्हय गं?"

"नाही."

"मी भ्याले," ती म्हणाली. "तू भिऊ नगंस. एकीनं भ्यालेलं बास हाय."

असं ठरलं की आधी माझं ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी ती बेळगावला येणार आणि महिनाभर माझ्याजवळ राहणार. मग तिचं ऑपरेशन, आणि मी बोरगावला जाणार.

फाईल

मी तयारी कशी केली ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही तिची चेष्टाही केली होती. निळी फाईल. त्यात रक्ताच्या तपासण्या, दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांचं वेळापत्रक, आणि सगळ्यात वर घरच्या मंडळींसाठी टाईप केलेल्या सूचनांचा एक कागद. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवाव्यात. कमोडची उंची वाढवावी. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवून घ्यावा. आपण सूर्यास्ताआधी जेवतो, हे दवाखान्याच्या स्वयंपाकघराला आदल्या दिवशी सांगावे. असं बरंच काही. आणि सातवी सूचना, जशी होती तशी लिहिते:

"टाके निघेपर्यंत कोणतीही वाईट बातमी मला कळवू नये."

हे मी हवेतून काढलं नव्हतं. आपल्याकडे सगळ्याच घरांत असं करतात. आजारी माणूस आधी बरा होऊ दे, मग सांगू. चार वर्षांपूर्वी आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात त्यांचे धाकटे भाऊ सुकुमार गेले. मी बारा दिवस आजोबांना कळू दिलं नाही. उशाशी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि निधनाच्या बातम्यांचं पान आधीच काढून ठेवायची. नंतर सांगितलं तेव्हा ते खूप रडले आणि शेवटी म्हणाले, "बरं केलंस." ते दोन शब्द मी प्रशस्तिपत्रकासारखे जपून ठेवले. इतर लोक जे न बोलता करतात ते मी कागदावर आणलं, एवढाच माझा शहाणपणा. तो कागद मी सगळ्या नातेवाइकांना मोबाईलवर पाठवला. तुमच्याकडेही.

आक्काचा फोन साधा, बटणांचा. तिच्या मुलाने, म्हणजे तुमच्या महावीरकाकाने, तिला तो वाचून दाखवला. रोज रात्री येणारा तिचा फोन त्या दिवशी दुपारीच आला. ती हसत होती.

"आणि कोन मरायलाच टेकला तर काय करायचं गं? टाकं निघूस्तर थांब बाबा, असं म्हणायचं व्हय त्याला?"

मी म्हटलं, "आक्का, नियम म्हणजे नियम."

"व्हय बाई," ती म्हणाली. "मास्तरीण तू."

दवाखाना

ऑपरेशनचं फार लिहीत नाही. पाठीत सुई देतात, कमरेखालचं आपलं राहत नाही. मी जागी होते. ठोकल्याचा आवाज येत होता, सुतारकाम चालावं तसा, आणि ते माझ्याच हाडावर चाललं आहे हे समजत होतं पण पटत नव्हतं. मी मनात णमोकार म्हणत होते. तो मी तीन वर्षांची असल्यापासून म्हणते आहे, आणि त्या दिवशी मधल्या ओळी विसरले.

भूल उतरली तशी वेदना आली. तिच्याबद्दल लोक धीर द्यायला खोटं बोलतात, मी बोलणार नाही. पहिले तीन दिवस वाईट असतात. पण दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात, आणि पाय जमिनीवर टेकला की कळतं, जुनं दुखणं आता तिथे नाही. हे नवीन दुखणं आहे आणि ते जाणारं आहे.

व्यायाम शिकवायला गोकाकची सविता यायची. मराठी बोलायची, पण आकडे तिला कन्नडमध्येच यायचे. "आज्जी, घोटा वर, घोटा खाली. ओंदु, एरडु, मूरु. थांबायचं नाही." आणि वॉर्डातल्या एक मावशी होत्या. दवाखान्याचं रात्रीचं जेवण आठला यायचं. पण त्या रोज साडेपाचला, ऊन खिडकीत असतानाच, माझं ताट आणून ठेवायच्या. पहिल्या दिवशी मी आभार मानले तर म्हणाल्या, "आमच्या शेजारी जैनाचंच घर हाय, मला माहीत हाय." फाईलमधली ती सूचना त्यांनी वाचलीही नव्हती.

बुधवार. ऑपरेशन सोमवारी झालं होतं, म्हणजे हा तिसरा दिवस. आक्का यायची होती. मी सकाळपासून दाराकडे बघत होते. अकरा वाजता फोन केला. महावीरने उचलला.

"आई झोपलीया, मावशी."

"अकरा वाजता?"

"पाय जरा दुखालेत म्हणतीया. दोन दिसांनी घेऊन येतो."

गुरुवारी पुन्हा केला. पुन्हा महावीर. पुन्हा झोपलीया. मागे माणसांचा आवाज होता, कुणाचं तरी नाव पुकारत होते. मी विचारलं, तू कुठे आहेस? तो म्हणाला, बाजारात. मला वाटलं, आक्काने टाळलं. इथे येऊन माझी सेवा करायचा तिला कंटाळा आला, स्वतःच्या ऑपरेशनला घाबरली, आणि फोनवर यायला लाजते आहे. मी म्हटलं, "तिला सांग, यायचं नसेल तर नको येऊस म्हणावं. माझं काही अडत नाही."

तो म्हणाला, "सांगतो, मावशी."

हे वाक्य मी बोलले आहे. ते इथे लिहून ठेवणं मला भाग आहे.

शनिवार

शुक्रवारी मला घरी आणलं. शनिवारी पहाटे आजोबा म्हणाले, पेन्शनच्या कामाला निपाणीला जाऊन येतो. शनिवारी कसलं पेन्शनचं काम, हे माझ्यासारख्या बाईने विचारायला हवं होतं. पण मी त्या वेळी फक्त गुडघा होते. माझ्याजवळ शेजारच्या वहिनी बसल्या.

दहा वाजता तुमचा फोन आला. अर्हमने पडलेला दात दाखवला. मग पूर्वा समोर आली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते. "आज्जी, तू बरी आहेस ना," एवढं म्हणाली, तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती उठून गेली. बाबा म्हणाला, परीक्षेचं टेन्शन आहे. आणि मी, बेटा, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने सांगितलं की वेळापत्रक नीट केलं तर कुठल्याही परीक्षेला रडायची वेळ येत नाही.

आजोबा चार वाजता परत आले. केस ओले होते. भर दुपारी, बाहेरून आलेल्या माणसाचे केस ओले. आपल्याकडे माणूस कुठून आला म्हणजे अंघोळ करूनच घरात पाऊल टाकतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी विचारलं. ते म्हणाले, घाम आला होता, मागच्या नळावर डोकं धुतलं. पाच वाजता पानावर बसले आणि घास न घेताच उठले. मी म्हटलं, उन्हात फिरलात, लिंबूपाणी घ्या.

मला दिसत होतं. मी बघितलं नाही.

चौदावा दिवस

टाके काढायला फार दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि शाबास म्हणाले. घरी येताना गाडीत मी आनंदात होते. आजोबांना म्हटलं, "आता मीच आक्काला फोन करते. किती दिवस रुसून बसायचं दोघींनी."



दारात महावीर उभा होता. मला वाटलं आक्का आत आहे. मी वॉकर टेकत टेकत आत गेले, खुर्चीवर बसले, इकडेतिकडे पाहिलं.

महावीर म्हणाला, "टाकं निघालं, मावशी?"

"निघाले."

मग पन्नाशीचा तो माणूस माझ्या समोर जमिनीवर बसला आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर, न कापलेल्या गुडघ्यावर, डोकं ठेवून रडायला लागला.

माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी पहाटे, आक्काच्या छातीत कळ आली. आधी निपाणीला नेलं, तिथून कोगनोळीचा सीमानाका ओलांडून कोल्हापूरला. ती तीन दिवस होती. बोलत होती. शुक्रवारी दुपारी गेली. शनिवारी सकाळी बोरगावात सगळं झालं. इथले सगळे आले होते. फक्त तिची बहीण नव्हती.

अशा वेळी आपल्याकडे सगळी माणसं जमिनीवर बसतात, एकमेकांना धरून. मला खाली बसता येत नव्हतं. मी खुर्चीवर, सगळ्यांच्या वर, पाय समोर लांब करून बसले होते, आणि महावीरच्या पाठीपर्यंत माझा हात नीट पोचत नव्हता.

मी विचारलं, "माझी आठवण काढली का तिने?"

"तुजंच नाव घेत हुती. दोन येळा म्हणाली, तिला फोन लाव."

"मग का लावला नाहीस रे?"

त्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तूच लिहिलं हुतंस की, मावशी."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "गुरवारी तुजा फोन आलता, तवा मी तिथंच, आयसीयूच्या दारात हुतो. आत जाऊन सांगितलं, मावशीचा फोन आलता. ती म्हणाली, काय म्हणतीया? मी म्हणालो, पाय चांगला वाकालाय म्हणाली. आई म्हणाली, किती? मी म्हणालो, लई. मग हसली."

माझं ते वाक्य त्याने तिला सांगितलं नाही. आजवर कुणी माझ्यासाठी एवढं केलेलं नाही.

नंतर

चार दिवस मी व्यायाम केला नाही. सविता आता घरी यायची, मी भिंतीकडे तोंड करायची. गुडघा आवळत गेला. नवा सांधा आत आहे आणि पाय लाकडासारखा, अशी अवस्था झाली. माझ्याच मनाने घेतलं होतं की हा पाय तिच्या बदल्यात आला आहे, तर तो मला नकोच. हे वेडेपण आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

आजोबांवर मी खूप ओरडले. तुम्ही नवरा आहात की शिपाई, कागद बघून वागता? असं बरंच बोलले. ते ऐकत राहिले. पाचव्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसले.

"सुकुमारच्या वेळी मी तुला बरं केलंस म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो."

"ते खरं नव्हतं. त्याचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही हे मला अजून सलतं. पण तू बारा दिवस एकटीने ते पोटात ठेवलंस. वाळून गेली होतीस. तुला काय बोलणार?"

"मग या वेळी तरी सांगायचं होतं ना मला."

"सांगावं की नाही म्हणून फाईल दोनदा हातात घेतली," ते म्हणाले. "मला वाटलं, माझं वेगळं. तुला खरंच नको असेल."

आमच्या लग्नाला एकावन्न वर्षं झाली आहेत. त्या दुपारी आम्ही दोघं पहिल्यांदाच एकमेकांसमोर रडलो. दुसऱ्या दिवशी सविता आली तेव्हा मी पाय पुढे केला. तिने घोटा धरला. ओंदु, एरडु, मूरु. आवळलेला सांधा सोडवताना जे दुखतं ते ऑपरेशनपेक्षा जास्त असतं. कुणी तुम्हाला विचारलं तर सांगा, ऑपरेशन करून घ्या, घाबरू नका, पण व्यायाम एक दिवसही सोडू नका, काहीही झालं तरी.

दोन महिन्यांनी बोरगावला गेले. संकेश्वरपर्यंत मी बोलत होते, पुढे बोलणं झालं नाही. आक्काच्या घराच्या तीन पायऱ्या मी न धरता चढले. तिथे मला शाबासकी द्यायला कुणी नव्हतं. न्हाणीघरात गेले तर भिंतीला स्टीलचा नवा दांडा होता. महावीरच्या बायकोने सांगितलं, माझा कागद वाचून दाखवल्यावर आक्काने दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावलं होतं. म्हणाली होती, "तिला सांगू नगा, लई फुगंल."

म्हणजे ती थट्टा करत होती आणि तयारीही करत होती. तो दांडा धरून मी बराच वेळ उभी राहिले.

पूर्वा

आता तुझ्याशी. तो कागद माझा होता. शब्द माझे, सही माझी. तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या आईवडिलांनी सांगितलं, आज्जीला कळू द्यायचं नाही, आज्जीनेच तसं लिहिलं आहे. तू तो नियम पाळायचा प्रयत्न केलास, आणि तुला तो जमला नाही. बाकी सगळे मोठे तो नीट पाळत होते. तू एकटी रडलीस. त्या आठवड्यात माझ्यासमोर जेवढे चेहरे आले त्यांत तुझाच एक खरा होता, आणि मी त्याला वेळापत्रक शिकवलं. माफी मागायची असेल तर मी मागायची आहे. मी ती मागते आहे.

डाव्या पायासाठी नवा कागद केला आहे. बाकीच्या सूचना त्याच आहेत. सातवी अशी: "जे काही होईल ते मला त्याच दिवशी सांगावे. मी भुलीत असले तर शुद्धीवर आल्यावर लगेच." आजोबांनी त्याखाली सही केली आहे. यात बातमी वाईटच असायला हवी असं नाही. तुझा दिवस नुसता कंटाळवाणा गेला असेल तरी चालेल. शनिवारी दहा वाजता मी फोनसमोर असते. तू आलीस तर मी काही शिकवणार नाही.

आक्का माझ्यावर रागावून गेली नाही, हे मला महावीरने सांगितलं आणि मी ते मानते. पण तिने फोन लाव म्हटलं आणि मी तिथे नव्हते, हे राहणार आहे. त्याला उपाय नाही, आणि कुणी मला तो सांगूही नका.

आम्हा पाच भावंडांतली आता मी एकटी आहे. उजवा पाय चांगला आहे, सकाळी बागेला दोन फेऱ्या होतात. महावीर दर रविवारी बोरगावहून फोन करतो. आम्ही फार बोलत नाही. तो करतो आणि मी उचलते.

— आज्जी